रोजचा दीड जीबी कोणासाठी?

कॉलेजच्या मुलांना मोबाइलवर इंटरनेट लागतेच कशाला, हा प्रश्न मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे प्रश्न म्हणून क्वचितच विचारला जातो. तो तक्रार होऊनच येतो. संत्र्याची फळगळ झाली, कापसाला भाव नाही, आणि त्यात दर २८ दिवसांनी पोराचे रिचार्ज. पोरेही या तक्रारीला धड उत्तर देत नाहीत. 'अभ्यासाचं आहे' एवढे बोलून मोकळी होतात. त्यामुळे वाद घराघरात आहे, पण दोन्ही बाजू पुरत्या मांडलेल्या कुठेच ऐकू येत नाहीत. म्हणून हा संवाद जुळवला आहे. यातले गुरुजी सरकारी शाळेतून निवृत्त झालेले आणि संत्र्याचा बगीचा राखून असलेले. मुलगी रामाकोन्याहून बसने सौंसरच्या सरकारी महाविद्यालयात येणारी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. दोघेही कल्पित आहेत, त्यांनी पुढे केलेली आकडेवारी आणि निकाल मात्र खरे आहेत. मध्येमध्ये मी बोलणार आहे आणि कौलही देणार आहे. तटस्थ असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

गुरुजी : बेटा, आधी हिशेब करू, मग भांडू. जुलै २०२४ मध्ये भाव वाढले तेव्हा रोज दीड जीबीवाला जिओचा २८ दिवसांचा पॅक २३९ चा २९९ झाला. कंपनीचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षात रिचार्ज बारा होत नाहीत, तेरा होतात. तेरा गुणिले २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. घरात शिकणारे दोघं असले तर पावणेआठ हजार. बरं, शिक्षणासाठी तेही देऊ. पण त्या दीड जीबीत शिक्षण किती, ते सांग. एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स साधारण साठ व्याख्यानांचा असतो. अर्ध्या तासाचं व्याख्यान साध्या दर्जात पाहिलं तर १०० एमबीच्या आसपास धर. अख्खा कोर्स सहा जीबीत आटोपला. तुझ्या पॅकमध्ये २८ दिवसांत ४२ जीबी येतात, म्हणजे सात कोर्सचा ऐवज. महिन्याला सात कोर्स करणारा एक तरी पोट्टा मला दाखव! मग उरलेलं जातं कुठं? वरून रात्री बारा वाजले की शिल्लक डेटा बुडतो, म्हणून साडेअकराला पोरं तो संपवायला बसतात. विजेची लाइन रात्रीची असते म्हणून आम्हीही बगीच्याला रात्री पाणी देतो, पण झाडाला नको असताना केवळ लाइन आहे म्हणून मोटर सुरू ठेवत नाही.

हा हिशेब कोणाला खोडता येणार नाही, आणि त्याला पुरावाही मिळतो. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधली ग्रामीण मुले-मुली तपासली होती, वय १४ ते १८, म्हणजे कॉलेजच्या उंबरठ्यावरची. स्मार्टफोन वापरणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश जणांनी मागच्या आठवडाभरात त्यावर अभ्यासाशी संबंधित काही ना काही केले होते. सिनेमा पाहणे, गाणी ऐकणे असली करमणूक करणारे सुमारे ८० टक्के, आणि समाजमाध्यमांवर असलेले ९० टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांवर दोन्ही पक्ष आपापला झेंडा रोवतात. गुरुजींसारखे ९० कडे बोट दाखवतात, मुले दोन-तृतीयांशाकडे. पण बेरीज पाहिली की लक्षात येते, ही दोन वेगवेगळी माणसे नाहीतच. जो मुलगा संध्याकाळी रील बघतो तोच दुपारी गणिताच्या उदाहरणाची उकल शोधतो, त्याच फोनवर, त्याच दीड जीबीत. तेव्हा गुरुजींच्या हिशेबाने एवढेच सिद्ध झाले की कंपन्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त डेटा विकतात. गरजच नाही, हे त्यातून निघत नाही. सहा जीबी लागतात आणि ४२ घ्यावे लागतात, यात दोष पॅकच्या रचनेचा आहे. अभ्यासाची गरज गुच्छागुच्छाने येते: प्रवेशाचे दोन-तीन आठवडे, असाइनमेंटचे दिवस, परीक्षेआधीचा महिना. कंपनी मात्र डेटा रोजच्या रोज, मध्यरात्री बुडणाऱ्या हप्त्यांत विकते, कारण रोज वापरायची सवय लागण्यातच तिचा धंदा आहे. रात्री साडेअकराला डेटा संपवायला बसणारा मुलगा चैन करतो आहे असे बापाला वाटते. खरे तर बापाने पैसे भरून घेतलेला माल फुकट जाऊ नये, एवढाच त्याचा व्यवहारी विचार असतो.

मुलगी : गुरुजी, तुम्ही व्याख्यानांचा हिशेब केला, पण माझ्या फोनचं पहिलं काम व्याख्यान नाहीच. कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीपासून बघा. ई-प्रवेशच्या पोर्टलवर नोंदणी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, मूळ निवासी प्रमाणपत्र, सगळं अपलोड. मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. पहिली फेरी, दुसरी फेरी, त्यातही नाही लागलं तर सीएलसी, म्हणजे कॉलेज स्तरावरची फेरी. जागा मिळाली की ठरलेल्या तारखेच्या आत ऑनलाइन फी, नाहीतर जागा गेली. मग स्कॉलरशिप, त्याचं वेगळं पोर्टल, त्याला समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळख क्रमांक, बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. मग छिंदवाड्याच्या राजा शंकरशाह विश्वविद्यालयाचा परीक्षेचा फॉर्म, प्रवेशपत्र, टाइमटेबल, निकाल. यातला एक कागद तरी मला कोणत्या खिडकीवर मिळतो, सांगा. आणि हे झालं माझं. घरातला बाबूही मीच आहे. बाबांच्या पीएम किसानचं ई-केवायसी मी करते, आईच्या लाडली बहना योजनेचे पैसे आले की नाही ते मी बघते, आजीचं समग्र मीच दुरुस्त केलं. माझा नेट पॅक माझ्या एकटीचा नाही जी, सगळ्या घराच्या कामाचा आहे.

गुरुजी : हे सगळं वर्षातून पंधरा दिवसांचं काम झालं. त्याला गल्लीत एमपी ऑनलाइनचं कियोस्क आहे. आणि ओटीपी म्हणशील, तर तो साध्या बटणाच्या फोनवरही येतो, त्याला नेट लागत नाही. माझ्याकडे तोच फोन आहे, कुठं अडत नाही माझं.

मुलगी : तुमचं अडत नाही, कारण तुमची पेन्शन लागून गेली! कियोस्कवर काय होतं ते शेवटच्या तारखेला येऊन बघा. सर्व्हर बसलेला, रांग बाहेर रस्त्यावर. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर असतो बाबांचा. बाबा बगीच्यात, फोन खाटेवर. मी इकडून दहा वेळा लावते. ते उचलून आकडा सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते आणि दुकानदार म्हणतो, मागे व्हा, पुढच्याला येऊ द्या. वर पासवर्ड त्याच्या वहीत, कागदांचे फोटो त्याच्या कंप्युटरमध्ये. अर्जात माझं नाव चुकलं तर ते मला कळतं दोन महिन्यांनी. स्वतःच्या फोनवर भरला असता तर तेव्हाच दिसलं असतं.

इथे मला थांबून एक गोष्ट नीट उलगडायची आहे, कारण माझ्या मते या वादाचे मूळ इथे आहे. विद्यार्थ्याला इंटरनेट 'हवे' आहे की 'लागते' आहे, यावर आपण भांडतो. पण ते लागावे अशी व्यवस्था कोणी केली, हे विचारत नाही. मध्य प्रदेश सरकारने टीसीएससोबत एमपी ऑनलाइन २००६ मध्ये सुरू केले. त्यानंतर एकेक करत खिडक्या बंद झाल्या आणि पोर्टले उघडली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२१ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम बदलणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होता. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने 'स्वयम'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायला मुभा दिली. आधी ही मर्यादा २० टक्के होती. या प्रत्येक निर्णयामागे एक गृहीतक होते की विद्यार्थ्याकडे संगणक असेल, घरी किंवा निदान कॉलेजात. वस्तुस्थिती काय होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता. इंटरनेटची सोय होती सुमारे १५ टक्के घरांत. ही दरी मधल्या काळात मोबाइलने भरली, संगणकाने नाही. रामाकोना, लोधीखेडा, मोहगावच्या मुलीकडे जो फोन आहे तो तिचा संगणक आहे, तिची पोस्टपेटी आहे आणि कॉलेजच्या ऑफिसची खिडकीही आहे. सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. याच राज्याने सरकारी कॉलेजांतल्या मुलांना ७५ टक्के हजेरीच्या अटीवर स्मार्टफोन वाटले होते, आणि बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये दिले जातात. पण फोन एकदा मिळतो, रिचार्ज दर २८ दिवसांनी लागते; आणि लॅपटॉपचे पैसे वरच्या गुणवाल्यांना मिळतात, ज्यांना पोर्टलशी झुंजताना त्यातल्या त्यात कमी त्रास होतो.

कॉलेजांनीही यात आपला वाटा उचलला आहे. टाइमटेबल बदलले, प्रात्यक्षिकाची तारीख पुढे गेली, सीसीईची, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाची, परीक्षा उद्यावर आली, की सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची आणि काम झाले असे धरायचे. फलकावर कागद लागला तर लागला. सूचना फक्त ग्रुपवर टाकणाऱ्या कॉलेजने आपल्या फीमध्ये वर्षाचे ३,८८७ रुपये वाढवले आहेत, फक्त त्याची पावती मोबाइल कंपनी देते. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. सोयीसाठी झाले, करोनाच्या टाळेबंदीत तर नाइलाजाने झाले. पण नाइलाज संपल्यावरही जी रीत टिकली, तिचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवायला कोणी बसले नाही. गरज संस्थेने निर्माण केली, बिल बापाने भरले आणि शिव्या पोराने खाल्ल्या. गुरुजींचा राग रास्त आहे. त्याचा पत्ता चुकला आहे.

गुरुजी : पत्ता बरोबर आहे का चूक ते नंतर पाहू. माझा खरा मुद्दा पैशाचा नव्हताच, चित्ताचा होता. पस्तीस वर्षं शिकवलं मी. समोरच्या पोराचं ध्यान खिडकीबाहेर गेलं की कळायचं. आता ध्यान खिशात असतं. आणि हे माझं म्हातारपणाचं रडगाणं समजू नका. इंग्लंडमधल्या ९१ शाळांचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये केला. मोबाइलबंदी केलेल्या शाळांत निकाल सुधारले, आणि सुधारणा सगळ्यात जास्त कोणात? मागे पडलेल्या मुलांत. हुशारांना फरक पडला नाही. टेक्सास विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात तर फोन नुसता टेबलावर पालथा पडलेला असला तरी माणसाची विचार करायची ताकद कमी भरली; फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी बाजी मारली. युनेस्कोनं २०२३ मध्ये सांगितलं की एकदा लक्ष उडालं की परत अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात दोन वेळा फोन वाजला तर राहिलं काय? आपल्याच माणसांनी यावर उपाय केला आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो, दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. आपल्याला जवळ म्हणशील तर यवतमाळच्या बान्सी गावाच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. सौंसरच्या कॉलेजानं फाटकावरच फोन जमा करून घ्यायला काय हरकत आहे?

मुलगी : गुरुजी, तुम्ही बंदीची जी जी उदाहरणं दिली ती शाळेची किंवा अठराच्या आतल्या मुलांची. बान्सीच्या ठरावातच अठराची रेघ आहे, आणि मी ती ओलांडून दोन वर्षं झाली. मी मत देते. उद्या माझं लग्न लावलं तर कायदा हरकत घेणार नाही. पण नेट कधी वापरायचं ते ठरवायला मी लहान? आणि फोन बंद करायची गोष्ट निघाली की बंद कोणाचा होतो, ते एकदा बघा. भावाचा होत नाही.

हे शेवटचे वाक्य सहज सुटून जाण्यासारखे आहे, म्हणून मी ते धरून ठेवतो. 'असर'च्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि मला तो या सबंध वादातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्मार्टफोन वापरता येतो असे सांगणाऱ्यांत मुले ९५ टक्के, मुली ९० टक्के; फरक किरकोळ. पण त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे? मुलांमध्ये सुमारे ४४ टक्के, मुलींमध्ये २० टक्के. म्हणजे मुलीला फोन चालवता येतो, पण तो भावाचा, बापाचा, काकाचा. तो मागावा लागतो, का पाहिजे ते सांगावे लागते, आणि परत देताना काय पाहिले तेही दिसते. जिथे निम्म्या मुलांकडेही स्वतःचा फोन नाही आणि पाचांपैकी चार मुलींकडे नाही, तिथे 'विद्यार्थ्यांना मोबाइल इंटरनेट नको' हा सर्वांसाठीचा नियम प्रत्यक्षात कोणावर बसेल हे सांगायला ज्योतिषी नको.

केरळमध्ये हे न्यायालयापर्यंत गेले. कोझिकोड जिल्ह्यातल्या चेलन्नूरच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा फोन जमा करायचा नियम होता. तो बदलून संध्याकाळी सहा ते रात्री दहा असा केला, म्हणजे नेमका अभ्यासाच्या वेळेचा. एका विद्यार्थिनीने नकार दिला, तिला वसतिगृह सोडायला सांगितले, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत प्रवेश द्या. दुसऱ्याला त्रास होऊ नये एवढे बंधन वसतिगृह घालू शकते, सज्ञान मुलीने अभ्यास केव्हा आणि कशावर करायचा हे ते ठरवू शकत नाही. हा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल आहे, मध्य प्रदेशवर तो जसाच्या तसा बंधनकारक नाही. पण त्यातला तर्क सौंसरला लागू पडायला काही अडचण दिसत नाही.

गुरुजींच्या पुराव्याला मात्र एवढ्याने उत्तर झाले असे मी मानत नाही. लक्ष विचलित होते, ही गोष्ट सज्ञान झाल्याने बदलत नाही. इंग्लंडच्या अभ्यासासारखाच अभ्यास स्वीडनमध्ये केला तेव्हा बंदीचा परिणाम दिसला नाही, आणि टेक्सासच्या प्रयोगाची पुढे झालेली पुनरावृत्तीही सगळीकडे तशीच उतरली नाही. तरीही वर्गात फोन हातात असला की शिकणे पातळ होते, हे शिकवणारा प्रत्येक जण सांगेल आणि शिकणारा प्रत्येक जण मनात कबूल करेल. त्यामुळे तासाला फोन बंद करून पिशवीत, हा नियम मला पूर्ण मान्य आहे. प्राध्यापकांचाही फोन त्यात यावा, एवढीच भर. मोहित्यांच्या वडगावचे उदाहरण गुरुजींनी दिले ते उत्तमच, पण ते त्यांच्या बाजूने पूर्ण बोलत नाही. तिथला भोंगा वाजला की मुलांच्या मोबाइलबरोबर आईची मालिका आणि बापाच्या बातम्याही बंद होतात. नियम गावाने स्वतःवर लावून घेतला, वेळ दीड तासाची, आणि बाकीच्या वेळी फोन ज्याचा त्याच्याकडे. फाटकावर टोपलीत फोन जमा करणे ही वेगळी गोष्ट आहे. रामाकोन्याची मुलगी सकाळी निघते ती संध्याकाळच्या बसने परतते. दिवसभर तिचा फोन टोपलीत ठेवला तर बस चुकल्याचेही ती घरी कळवू शकणार नाही, आणि तिचे कॉलेजच बंद करायला घरात एक कारण तयार होईल.

गुरुजी : बरं, फोन राहू दे. पण अभ्यासाला पुस्तक आहे ना? आमच्या वेळी छिंदवाड्याहून पुस्तक मागवायचो, हातानं उतरवून काढायचो. ते डोक्यात राहायचं.

मुलगी : हातानं मीही उतरवते. पण उतरवायला पुस्तक तर पाहिजे! तुम्ही मराठी शाळेत शिकवलं, मग तुम्हालाच विचारते. घरी मराठी, कॉलेजात हिंदी, पुढं गेलं की इंग्रजी. एखादी गोष्ट हिंदी-इंग्रजीत डोक्यात बसत नाही तेव्हा मी कुठं जाऊ? ई-बालभारतीवर महाराष्ट्राची विज्ञानाची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. मराठी विश्वकोश अख्खा फोनवर आहे. एनपीटीईएलच्या कितीतरी व्याख्यानांना मराठी लेखी रूप आहे. हे सगळं मला नागपूरला राहणाऱ्या मामेबहिणीइतकंच मिळतं, तेही सौंसरात बसून.

गुरुजी : विश्वकोश? वाईचा, तर्कतीर्थांचा? सगळे खंड?

गुरुजी इथे गप्प झाले तर मला नवल वाटणार नाही, कारण मुलीने सीमेवरच्या माणसाच्या दुखऱ्या जागी हात ठेवला आहे. १९५६ मध्ये राज्यांची मांडणी झाली तेव्हा जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातला नागपूर मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, पण राज्य तेच. घरात, पोळ्याला, जामसावळीच्या मारुतीपुढे मराठी; पदवीच्या पेपरात हिंदी. महाराष्ट्र सरकार मराठीसाठी जे छापते ते सीमेपलीकडच्या सावनेरपर्यंत येते, पुढे येत नाही. मोबाइलच्या सर्कलची सीमाही तीच: सौंसरचे सिम मध्य प्रदेश-छत्तीसगढचे, सावनेरचे महाराष्ट्राचे, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत नागपूरला उतरले की रोमिंगचे पैसे कापले जायचे. आज ती रेघ फोनवर उरलेली नाही. ज्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेतला संदर्भ राज्याच्या ग्रंथालयातून मिळण्याची खात्री नाही, त्याच्यासाठी इंटरनेटची किंमत पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे. पुण्याच्या मुलाजवळ भाषेचे ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर असते, म्हणून 'पुस्तके वाचा, मोबाइल ठेवा' हा सल्ला पुण्यातून देणे सोपे जाते.

तेव्हा माझा कौल मुलीच्या बाजूने आहे, पण तिच्या पॅकच्या बाजूने नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्याला मोबाइलवर इंटरनेट लागते. रोज दीड जीबी लागत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले, त्यामुळे डेटाशिवाय नंबर चालू ठेवता येतो; त्यावर लागेल तेव्हा वरून डेटा घेता येतो का, ते पाहावे. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही, विचारावे लागते. बाकीचा भार कॉलेजने घ्यायचा आहे. ग्रंथालयात वाय-फाय, चार चालू संगणक, अर्ज भरण्याच्या दिवसांत मदतीला एक माणूस, आणि प्रत्येक सूचना त्याच दिवशी फलकावर. २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत साध्या दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय चालवता येतो. बसस्टँडजवळच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याने ते केले तर दहा-वीस रुपयांत मुलांचे काम भागेल. कॉलेजच्या वाय-फायवरही मुले रीलच बघतील, असा आक्षेप येईल. बघतील थोडी. पण ग्रंथालयात चार लोकांत बसून, बंद होण्याची वेळ ठरलेली असताना रात्री साडेअकरासारखे बसता येत नाही, आणि व्याख्याने उतरवून घेऊन घरी नेटशिवाय पाहता येतात. शेवटच्या बससाठी चारला निघावे लागणाऱ्या मुलीला हे ग्रंथालय अपुरे पडणारच. म्हणून तिच्या हातात थोडा का होईना स्वतःचा डेटा असला पाहिजे. सगळे कॉलेजवर सोपवून चालणार नाही.

सौंसर-पांढुर्ण्याच्या प्राचार्यांकडे मागणी एवढीच की व्हॉट्सअॅपवर टाकलेली सूचना फलकावर लावल्याशिवाय लागू धरू नका. आणि घरच्यांना सांगायचे ते असे: मुलगी कॉलेजात जात असेल तर फोन तिच्या नावाचा आणि तिच्याच हातात असू द्या, तिचा आधार त्याच नंबरला जोडून द्या, आणि या महिन्याला कोणता पॅक मारायचा ते तिलाच ठरवू द्या.